लाखोळीचा उतारा

दामू ओकला ते माझ्या चादरीपर्यंत उडालं. हिरवट पिवळं होतं आणि त्याला असा वास होता की मलाही आवरेना. आदल्या दिवशी माझ्या पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडलं होतं. डोकं उशीवरून उचललं की कवटी फुटते की काय असं व्हायचं, म्हणून मी पडल्या पडल्याच तोंड वळवून ओकले. ते गालावरून कानात गेलं. खालून कपडे ओले झाले होते ते वेगळंच. सत्तरी गाठलेली बाई मी, कानात ओकारी, खाली लघवी, अशी पडले होते. पलीकडच्या खाटेवरून दामू, माझा धाकटा भाऊ, माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

सकाळची वेळ होती. डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी दामूची खालची पापणी ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा मला कळतो. त्या मागे वळून दुसऱ्या डॉक्टरला हळूच म्हणाल्या, "सगळ्यांचं थांबवा. कोणालाच पुढचं इंजेक्शन नको."

माझी मुलगी रंजना दारात पाण्याचा मग आणि फडकं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. आत आली आणि माझा कान पुसायला लागली.

ते इंजेक्शन आधी आम्हा म्हाताऱ्यांना देऊन बघणार होते. आम्हाला सोसलं तर पुढच्या तुकडीत रंजूला मिळणार होतं. तेवढ्यासाठी मी पाठ दिली होती. आणि आता सगळं थांबलं होतं.

•

आमच्या माहेरी पाय जातात. बाबांचे गेले, आत्याचे गेले. आत्या शेवटी ओसरीवरून अंगणात बसल्या बसल्या सरकत यायची. आधी पाय ताठ होतात. मग चालताना बोटं जमिनीला घासतात, खर्र खर्र आवाज येतो. मग काठी, मग दोन काठ्या, मग खाट. लघवी थांबत नाही. मरण मात्र लवकर येत नाही.

गाव म्हणायचं, लाखोळीनं धरलं.

आमच्याकडे धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, लाखोळीचं बी फेकतात. तिला मेहनत नाही, पाणी नाही. धान निघालं की ती वर येते. गरिबाची डाळ तीच. वडे तिचे, वरण तिचं. ती फार खाल्ली की पाय लुळे पडतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खोटंही नाही, दुष्काळात तसे झालेले लोक मी पाहिले आहेत. पण आमच्या गावात लाखोळी सगळेच खायचे आणि पाय फक्त आमच्याच घरचे जायचे. हे काहून, असं कोणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

बाबांना एक बुवा उतारा द्यायचा. काळी भुकटी, गुळात कालवून. जळक्या केसांचा आणि बकऱ्याचा मिळून जसा वास येईल तसा तिचा वास. बाबा नाक दाबून गिळायचे आणि मग दिवसभर त्यांच्या ढेकरांना तोच वास. त्यांचे पाय गेले ते गेलेच. बुवा म्हणाला, उशीर झाला होता.

मी सिहोऱ्याकडे सासरी आले. सासू सांगायची, लाखोळी खाऊन खाऊन वाढलेली पोरगी आणली. माझे पाय तोवर चांगले होते, म्हणून मी हसायचे. पन्नाशीनंतर एकदा धानाच्या रोवणीत माझा पाय चिखलातून निघेना. बायांची ओळ पुढे गेली, मी मागे.

शेजारची म्हणाली, "काहून वो अनसूयाबाई, चिखलात सोनं सापडलं का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला तेव्हाच कळलं. बांधाच्या धुऱ्यावर आले आणि कान देऊन स्वतःच्या पायांचा आवाज ऐकला.

दामू साकोलीच्या बाजूला राहायचा, मला सात-आठ वर्षांनी लहान. त्यानं लाखोळी घरात येणं बंद केलं होतं. बायकोला, कुंताला, सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांकडेही खायची नाही. तरी माझ्यामागून त्याचेही पाय गेले. मी मात्र खातच होते. पाय जायचेच आहेत तर वडे कायले सोडू, असा माझा हिशोब.

•

तुमसरला गोळ्या झाल्या, भंडाऱ्याला झाल्या. मालिश झाली. कोणी म्हणालं मणक्याची गादी, कोणी म्हणालं वय. शेवटी रंजूच्या नवऱ्यानं आम्हाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो तुमसरच्या राईस मिलमध्ये काम करतो, बोलतो कमी. माझा नवरा असता तर निम्मा रस्ता कुरकुरला असता.

तिथे डॉक्टर मॅडमनी पायाला हातोडी मारून पाहिली आणि विचारलं, घरात आणखी कोणाला आहे. मी बोटं मोजत नावं सांगितली. त्यांनी माझं रक्त घेतलं, दामूला बोलावून त्याचं घेतलं. रंजू मला धरून चालत होती, मॅडम तिच्या पायांकडे बघत होत्या. मग त्यांनी तिचंही घेतलं.

पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, हा नसांचा आजार रक्तातून येतो. आईबापाकडून मुलांना. लाखोळीचा याच्याशी काही संबंध नाही.

कुंता म्हणाली, "असं कसं जी, सारं गाव सांगते."

मॅडम म्हणाल्या, "गावानं रक्त तपासलं नव्हतं."

मग त्यांनी रंजूकडे पाहिलं आणि सांगितलं की तिच्यातही आहे. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला तो ग्लास बघून चीड आली. म्हटलं, "मले तहान नाही. पोरीले सांगा काय सांगायचं ते."

रंजूनं एकच विचारलं. "मले किती वर्षं चालता येईन?"

मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मला स्वतःच्या रक्ताचीच किळस आली. बाहेरून अंग धुता येतं. आतून काय करणार. रंजू खिडकीशी बसली होती. तिच्या डाव्या चपलेचं टोक झिजलेलं होतं. ते मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. चपलेला मी दोष दिला होता.

•

पुढे कधीतरी मॅडमचा फोन आला की एक नवं औषध आलं आहे. अजून बाजारात नाही. पाठीच्या कण्यातून द्यायचं.

मी विचारलं, "पाय येतील का?"

"आजी, तसं मी म्हणणार नाही. ही सुरुवात आहे. माणसाच्या अंगाला सोसतं का, एवढंच यात बघायचं. तुम्हाला फायदा होईलच असं नाही."

"म्हणजे उंदीर झाले, आता म्हातारे."

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच समजा."

त्यांनी गोड गोड सांगितलं असतं तर मी फोन ठेवून दिला असता.

आमच्याकडे पावसाळ्यात जंगलातून सात्या आणतात. सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या छत्र्या. ओळखीच्या नसल्या, शंका आली, की घरातली म्हातारी आधी खाते आणि बाकीचे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघतात. माझ्या सासूनं खाल्ल्या आहेत, मीही खाल्ल्या आहेत. त्यात कोणी रडत नाही. म्हातारी सकाळी उठून चूल पेटवते आणि मग पोरंबाळं जेवतात. मॅडमचं बोलणं मला तेवढं समजलं आणि तेवढं पुरे होतं.

होकार द्यायचा तर कॅमेऱ्यापुढे द्यायचा होता. एक मुलगा कॅमेरा लावून बसला. मॅडम एकेक गोष्ट सांगायच्या आणि विचारायच्या, समजलं का. मग तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं, मेले तर माझ्या मर्जीनं मेले. मॅडम म्हणाल्या, आजी, जरा वेगळं सांगा. मग वेगळं सांगितलं.

दामूच्या वेळी मी बाजूलाच बसले होते. मॅडमनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता? झाडपाला, वैद्याचं काही?"

"नाई जी," दामू म्हणाला. मान हलवून, अगदी सरळ.

•

दवाखान्यात राहणं म्हणजे काय ते लिहिते, कारण आधी मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमची लघवी भांड्यात धरतात, मोजतात आणि बाटलीत भरून नेतात. रक्त नेतात. जमिनीवर एक पट्टा रंगवलेला असतो, त्यावरून चालायला लावतात, आणि शिकाऊ पोरं-पोरी भिंतीशी उभी राहून बघतात. एक पोरगी दुसरीला म्हणाली, "किती टिपिकल आहे ना." शब्द मला समजला नाही, पण बैलबाजारात दात बघताना माणसं ज्या आवाजात बोलतात तो आवाज होता.

सख्खे भाऊ-बहीण म्हणून आम्हाला एका खोलीत ठेवलं होतं, मध्ये पडदा. आमच्या तुकडीतले बाकीचे तिघं, आमच्याच भागातल्या दुसऱ्या घरांतले, शेजारच्या खोलीत. खोलीत फिनाइल आणि खिचडीचा मिळून वास. भेटायला येणारे लोक खाटेखाली भांडं भरलेलं असताना वर बसून पोहे खायचे. दामूचा एक साडू आला, त्यानं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि निघून गेला. तब्येत विचारायची राहून गेली. दुसरी एक नात्यातली म्हणाली, मागच्या जन्माचं फेडावं लागते बाप्पा. मी तिला म्हटलं, तू या जन्माचं फेड, दोन पायली तांदूळ नेले होते.

चांगलं काय होतं तेही सांगते. एक आया होती. ती गरम पाणी आणायची, मला पुसायची, कपडे बदलायची आणि तोंडातून अरेरे काढायची नाही. घरच्या गोष्टी करायची, सुनेनं मिक्सर कसा बिघडवला ते. तिच्या हाताखाली मला लाज वाटली नाही. आणि चहा कोरा मिळायचा पण गरम मिळायचा.

सुई देताना उशीला मिठी मारून वाकून बसवतात. दुखतं, पण बाळंतपणाइतकं नाही. पहिलं इंजेक्शन सगळ्यांचं नीट गेलं. दामू खुशीत होता.

"बाई," तो मला पडद्याआडून म्हणाला, "लहानपणी तू मले पाठीवर घेऊन बोडीवर आंघोळीले नेत होती. आता दोघायच्या पाठीले भोकं."

"तुह्या डोक्यालेच पाडायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "हवा तरी गेली असती."

दुसऱ्या इंजेक्शनानंतर माझं डोकं धरलं. मॅडम म्हणाल्या, कधीकधी कण्यातलं पाणी झिरपतं, त्यानं होतं, सपाट पडून राहा. दामूला डोकेदुखी नव्हती. त्याला अन्न जाईना. मग डोळे पिवळे झाले.

•

आता परत त्या सकाळी येते.

मॅडम गेल्या. रंजू मला पुसून कपडे धुवायला बाहेर गेली. तेवढ्यात कुंता डबा घेऊन आली. मी सपाट पडलेली, तिला वाटलं झोपले आहे. पडदा अर्धा सरकलेला होता. कुंतानं कमरेची पिशवी काढली, तिच्यातून एक पुडी काढली, गुळात काही कालवलं आणि दामूच्या तोंडाजवळ नेलं.

वास आला. साठ वर्षांनी आला, पण मला लगेच बाबा दिसले, नाक दाबलेले.

"कुंता," मी म्हटलं, "हे का होय?"

ती दचकली. "काई नाई बाईजी. पोटाचं चूर्ण."

"इकडे आन."

"तुमचं डोकं दुखते ना. पडून राहा."

"दामू. हे तेच होय ना? बाबाले देत होते ते."

दामू छताकडे बघत म्हणाला, "उतारा होय. आपल्या साकोलीच्या बाजारात एक बुवा बसते, तो देते."

"कधीपासून खाऊन राहिला?"

"आधी थोडा थोडा. सुया चालू झाल्या तवापासून दोन टाइम. म्हटलं दोन्हीकडून धरू. तुले वास येऊ नये म्हणून बाहेर व्हरांड्यात खात होतो."

"डॉक्टरीणबाईनं कॅमेऱ्यापुढे विचारलं तवा नाई म्हणाला ना तू?"

"तिनं औषध विचारलं." तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता, हे मी आजही सांगते. "औषध रोगावर खातेत, बाई. आपलं लाखोळीचं जहर होय. नसायचं सुई पाहून घेईन. पण जहर उताऱ्याबिगर कसं उतरन?"

रक्ताचं सगळं समजावून झालं होतं. त्यानं मान हलवली होती. कॅमेऱ्यात अंगठा केला होता. आणि आत लाखोळी तशीच बसलेली होती. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. उठता येत नव्हतं म्हणून वाचला.

"रंजूले बोलावतो," मी म्हटलं. "मॅडमले आणू दे."

कुंता खाटेपुढे आडवी झाली. "सांगू नका बाईजी. काढून टाकतीन त्यायले."

"तो पिवळा पडून मरून राहिला अन् तुले काढून टाकतीन त्याची पडली?"

"हे सुईनं झालं. उताऱ्यानं कोणी मेलं नाई." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमाले तुमची पोरगी दिसते. माहा नवरा नाई दिसत."

खरं होतं ते अर्धं. मला रंजू दिसत होतीच. पुडी लपून राहिली असती तर सगळा दोष इंजेक्शनवर गेला असता आणि औषध कायमचं बंद झालं असतं. पण दामूही दिसत होता. त्याच्या पोटात काय गेलं हे न कळता डॉक्टर त्याला काय वाचवणार होते. दोघांसाठी करायचं काम एकच होतं. कुंताला ते तसं दिसलं नाही. तिनं पुडी पोलक्यात घातली.

बाहेरून आवाज आला. खर्र. खर्र. रंजू धुतलेले कपडे घेऊन व्हरांड्यातून येत होती. थकली की तिचा पाय जास्त घासतो. आमच्या घरात तो आवाज सगळ्यांना ओळखू येतो. दामूनं डोळे मिटले. रंजू दारात येईपर्यंत तो तसाच पडून ऐकत राहिला.

मग म्हणाला, "दे वो कुंता. देऊन टाक."

कुंतानं पोलक्यावर हात दाबून धरला.

"दे म्हणतो ना. पोट्टीचेही पाय जाऊन राहिले."

कुंतानं पुडी काढून खाटेवर फेकली. रंजूला मी दोन वाक्यांत सांगितलं. ती पुडी मुठीत धरून मॅडमकडे गेली, पाय घासत, जमेल तितक्या घाईनं.

एक तरुण डॉक्टर धावत आला आणि दामूवर ओरडला. तुम्ही खेड्यातले लोक, जीव गेला तरी सुधरणार नाही, वगैरे. मॅडमनी त्याला बाहेर पाठवलं. त्या दामूच्या खाटेवर बसल्या, किती खाल्लं, कसं खाल्लं, शांतपणे विचारलं. तोही शांतपणे सांगत गेला. मग त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि यावेळी तिघांना त्यांनी वेगळं विचारलं, लाखोळीवर काय खाता. एका म्हाताऱ्यानं गुपचूप उशीखालून मुळी काढून दिली. त्यानं ती अजून खायला सुरुवात केली नव्हती, दवाखान्यातून सुटल्यावर खाणार होता.

•

दामूला खाली नेलं, जिथे यंत्रं लावतात तिथे. डोकं दुखायचं थांबल्यावर मला चाकाच्या खुर्चीतून नेऊ लागले. त्याचं पोट फुगलं. हातपाय काड्या आणि पोट मडक्यासारखं. अंगाला गोडसर सडका वास यायला लागला. पावडर लावली तरी जात नव्हता. तो मला माय म्हणायला लागला. मी त्याला सांगितलं नाही की मी माय नाही. सांगून काय उपयोग होता.

एकदा मात्र शुद्धीवर होता. म्हणाला, "बाई, लाखोळी नोहोय ना हे?"

"नाई."

"मंग बाबानं फुकटच गिळलं."

"तूही," मी म्हटलं.

तो हसला. दात पिवळे, हिरड्यांतून रक्त. त्यानंतर तो नीट बोलला नाही. डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. दामू गेला.

मग जे आले त्यांच्याबद्दल लिहिताना मला अजून शिसारी येते. इतके दिवस यांतला एक जण त्याला कुशीवर वळवायला आला नव्हता. मेल्यावर गाडी भरून आले. फोन वर धरून आले. गरिबांवर प्रयोग, सुईनं मारलं, असं एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस दाराशी बोलत होता आणि दुसरा त्याला म्हणत होता, परत घे, उजेड मागून येते. प्रेत आत होतं. कुंताला मध्ये उभं केलं, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिच्याकडून वदवून घेतलं की इंजेक्शननं गेले. ती रडत होती. रडणं खरं होतं.

फोनवाला माझ्याकडे आला. "मावशी, तुम्हीही घेतलं ना ते इंजेक्शन? सांगा काय झालं."

मी म्हटलं, "त्याची ओकारी कोणी पुसली ते विचार आधी. मंग तुह्या फोनमधी बोलतो."

त्यानं फोन खाली केला आणि दुसरीकडे गेला.

कुंता माझ्याशी बोलत नाही. तेरवीला मला निरोप नव्हता. तरी मी गेले, जेवले आणि परत आले. ती म्हणते मी त्याला डॉक्टरांच्या हाती दिलं. म्हणू दे.

•

मग बरेच महिने सगळं बंद होतं. बाहेरून डॉक्टर आले, चौकशी झाली, पुडी तपासली. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की त्या भुकटीत यकृत जाळणाऱ्या वस्तू निघाल्या, धातूसुद्धा. आम्हा चौघांची यकृतं ठीक होती, आम्ही तेच इंजेक्शन घेतलं होतं. म्हणून चौकशीवाल्यांनी पुढे जायला परवानगी दिली.

मी विचारलं, "म्हणजे सुईचा काहीच हात नव्हता?"

त्या म्हणाल्या, "शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. आम्हाला तसं वाटत नाही."

मला हे उत्तर आवडलं नाही. पण दुसरं कोणतंही उत्तर खोटं असतं.

परवानगी मिळाल्यावर माझं तिसरं इंजेक्शन राहिलं होतं. रंजू म्हणाली, "माय, आता पुरे कर. मामा गेला तेवढं पुरे."

"तुले का करायचं? पाठ माही होय."

"अन् तुले काही झालं तर?"

"मंग तू घेऊ नको. त्याच्यासाठीच तर चालली."

ती रडली. मी तिला म्हटलं, रडायचं तर भाजीकडे पाहून रड, करपून राहिली. मग आम्ही जेवलो आणि सकाळच्या बसनं नागपूरला गेलो. मी उशीला मिठी मारून वाकले. यावेळी डोकं दुखलं नाही.

माझे पाय सुधारले नाहीत. पट्ट्यावरून चालताना आधीइतकीच लाज जाते. लघवी आधीसारखीच. औषध चालतं की नाही हे आमच्यावरून कळणारच नव्हतं, ते आधीच सांगितलं होतं, म्हणून मी कोणाला शिव्या देत नाही.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना एवढंच सांगते. तोंडात जाईल ते सगळं डॉक्टरला सांगा. मुळी, भस्म, अंगारा, दारू, बुवाची पुडी. औषध म्हणून खात नसाल तरी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्यानं मान हलवली म्हणजे त्याला पटलं असं धरू नका. मी दामूच्या बाजूलाच बसले होते, आणि त्यानं मान हलवली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

नव्या तुकडीत रंजूचं नाव लागलं. कॅमेऱ्यापुढे तिला मॅडमनी विचारलं, लाखोळीवर काही खाता का. ती म्हणाली, "नाई जी. तिचे वडे खातो, पण भुकेवर." तिला पहिलं इंजेक्शन झालं आहे. डोळ्यांतलं पांढरं पांढरंच आहे, अन्न जातं. तुमसरला आहे, घरचं करते. पाय घासतो तेवढाच घासतो. पुढचं पुढे कळेल.

पहिल्या तुकडीत आम्ही पाच जण होतो. दामू गेला. बाकी चौघं जिवंत आहोत. त्यातली एक मी.